कुरुळीचा पाणवठा आणि प्रांतसाहेबांचा रुमाल

चिंचवड स्टेशनासमोरच्या हॉटेलात त्या सकाळी मला बशीशिवाय चहा दिला गेला. स्वराज्य मिळून इतकी वर्षं झाली आणि नागरिकाला चहा बशीत ओतून फुंकता येऊ नये, ही गोष्ट विधिमंडळात मांडण्याजोगी होती. पण कुरुळीला जायचं होतं, म्हणून जीभ भाजून घेऊन निघालो.

कुरुळीचे दगडूमामा माझे मामेसासरे. त्यांच्या गावचं इंद्रायणीकाठचं मोकळं रान त्याचा पुण्यातला मालक मुंबईच्या एका शेठला गोदामांसाठी विकणार होता. पिंपरीला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्यापासून शेठलोकांना मोकळी जागा दिसली की तारेचं कुंपणच सुचतं. गावाने अर्ज केला: सरकारने ही जमीन घ्यावी आणि सार्वजनिक पाणवठा म्हणून राखावी. आज प्रांतसाहेब पाहणीला येणार होते. शिकलेला जावई जवळ असावा, म्हणून मला बोलावणं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: कासारवाडीच्या फाट्यावर चाकणची एसटी मिळते, आठ आणे. मागच्या बाकावर बसू नका. भोसरीपुढे रस्ता तुम्हाला छतापर्यंत पोचवतो. मोशीला कांदाभजी जरूर खावीत. तेल कधीचं, ते विचारू नये.

मामा कुरुळीच्या फाट्यावर उभेच होते. वाटेत त्यांनी खरी गोम सांगितली. उन्हाळ्यात अख्ख्या गावची जनावरं तिथे पाणी पितात, हे खरंच. पण त्याच रानात जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायचा चढ होता, आणि तो अर्जात नव्हता. शर्यतीसाठी सरकार जमीन थोडीच घेणार? म्हणून शर्यतीचं नाव काढायचं नाही, साधी, तहानलेली जनावरं आणायची, असं घरोघर बजावलेलं. मी म्हणालो, सरकार असल्या भानगडीत पडत नाही. पडलंच तर तुमच्या लाल्या बैलाला गुळाची ढेप माझ्याकडून.

"आख्खी ढेप, जावईबापू. खडा न्हाई चालायचा."

नदीवर पोचलो, तर जनावरं हजर. पण साहेबापुढे आपला बैल मळका कसा न्यायचा, असं प्रत्येकाला वाटलेलं. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं. लाल्या तर नवरदेव दिसत होता. मामांनी माझी नजर टाळली.

प्रांतसाहेब आले आणि घाम पुसायला त्यांनी पांढरा रुमाल काढून झटकला. शर्यतीत निशाण असंच पडतं. लाल्या आणि त्याचा जोडीदार सुटले ते थेट घाटावर. गाव सगळी बजावणी विसरलं. माणसं आरडत बैलांमागे, मामांचं मुंडासं आभाळात.

साहेबांनी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला.

"ही पाणी प्यायला आलेली जनावरं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब," मामा धापा टाकत म्हणाले. "आधी पळत्यात. मग तहान लागती."

साहेब हसले नाहीत. तेवढ्यात बैल खाली आले, त्यांनी नदीत तोंड घातलं. मागून गाई, म्हशी, शेरडं. बराच वेळ नुसता पाणी ओढल्याचा आवाज. शेठचा मुनीम छत्रीखालून म्हणाला, गावाला विहीर खणून देऊ की.

"एवढ्या तोंडांना?" साहेब म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं. निघताना मात्र त्यांनी हळूच चौकशी केली, जत्रा कधी असते.

घरी आलो तेव्हा कानात धूळ होती, ती निघाली. पाणी ओढल्याचा आवाज काही गेला नाही.

काही महिन्यांनी बायकोने आजोळच्या तोऱ्यात बातमी दिली: जमीन सरकारने घेतली, मालकाला मोबदला मिळाला, शेठ आता दुसरं गाव शोधतोय. म्हणजे पैज मी हरलो होतो. दुसऱ्या दिवशी बाजारातून अख्खी ढेप घेतली, गोणपाटात बांधली आणि कासारवाडीच्या फाट्यावर चाकणच्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केली. आत चिठ्ठी घातली नाही. लाल्याला ती लागत नाही.