आधी दार बसव

थूल सर कॉमेंट लिहायचे ती उलटीकडून. प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी लिहिलेली आणि यंत्राने न वाचायची टीप म्हणजे कॉमेंट. तिरपी रेघ आणि चांदणी काढली की ती उघडते, चांदणी आणि तिरपी रेघ काढली की मिटते. बाकीचे लोक उघडतात, लिहितात आणि मिटवायचं विसरतात. सर आधी दोन्ही खुणा शेजारी शेजारी टाकायचे आणि मग मागे सरकून त्यांच्या मधे लिहायला घ्यायचे. "आधी दार बसव, मंग घरात जाय," हा त्यांचा पहिल्या दिवसाचा धडा.

पिपरी मेघे गावात एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. माझा पहिलाच प्रोग्रॅम काही केल्या माझं नाव छापेना. मी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केला, कीबोर्डवर राग काढला. सर मागे येऊन उभे राहिले.

"काऊन बे, मशीनले काऊन शिव्या देऊन राह्यला? तूच म्हटलं ना तिले, हे वाचू नको म्हणून? बिचारी आयकून राह्यली तुह्यं."

वरची कॉमेंट मी मिटवलीच नव्हती. खालची दुसरी कॉमेंट मिटेपर्यंतचं सगळं यंत्राने टीप समजून सोडून दिलं होतं, आणि माझं नाव नेमकं त्यातच होतं.

सरांकडे चुकीला शिक्षा नव्हती, बक्षीस होतं. शनिवारी आठवड्यातली सर्वांत झकास चूक फळ्यावर लिहायची आणि ती करणाऱ्याला सरांकडून तर्री-पोह्याची पहिली प्लेट. प्रगती नावाच्या मुलीची चूक तर अजून सांगतात. तिने वर्गाच्या निकालाचा प्रोग्रॅम लिहिला आणि एका ओळीच्या कॉमेंटला शोभा म्हणून शेवटी उलटी तिरपी रेघ काढली. आमच्या त्या भाषेत ओळीच्या शेवटी ही रेघ आली की खालची ओळ वरच्या ओळीतच धरली जाते. खालच्या ओळीत गुणांची बेरीज होती. ती टिपेत गडप झाली आणि अख्ख्या वर्गाला भोपळा मिळाला.

"पोरी, रांगोळी काढता काढता उंबरठाच पुसला तू!" सर इतके मोठ्याने हसले की खालचा दुकानदार काय झालं म्हणून वर आला. तसाही त्यांचा आवाज दिवसभर खाली जायचाच. बसल्या बसल्या आपल्यालाही अर्धं कॉम्प्युटर आलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगे.

एवढी दारं लावणाऱ्या माणसाला तंबाखू-सुपारीचा खर्रा तेवढा बंद करता आला नाही. गालात तो सदा असायचाच. आम्ही मागे लागलो की म्हणायचे, "सोडतो ना बावा, ही बॅच निघू दे." बॅचेस निघत गेल्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागलो, आणि मग सरांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं.

घरी आल्यावर त्यांचा मला फोनवर संदेश आला : "आवाज गेला, बोटं हायेत. मले वर्ग दे." मला धास्तीच वाटली. बोलता न येणारा मास्तर काय शिकवणार, असं पालक विचारू लागले होते, मुलं दुसरीकडे निघाली होती. पण सरांना नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी प्रोजेक्टर लावला.

सर बोलायला लागले ते कॉमेंटमधून. इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी टाइप करायचे आणि मुलं भिंतीवर वाचायची. एका ओळीचं बोलणं असलं तर आधी दोन तिरप्या रेघा, पुढे बोलणं. एकदा मागच्या बाकांवर फारच गलका झाला. सरांनी रागाच्या भरात रेघा न देताच "पोट्टेहो, गप बसा" असं टाइप केलं आणि तसाच प्रोग्रॅम चालवला. यंत्राला वाटलं हा हुकूम आपल्यालाच आहे. भिंत लालभडक चुकांनी भरून गेली. अख्खा वर्ग हसत सुटला. सरही हसत होते. खांदे गदगद हलत होते, हात गळ्यावरच्या पट्टीवर होता, आणि आवाज मात्र नव्हता. मला ते बघवेना, मी खिडकीकडे तोंड केलं.

मग सरांनी नीट दोन रेघा देऊन लिहिलं, "पाहा, मशीनले बी माह्यं बोलनं समजत नाई." त्या शनिवारची पहिली प्लेट वर्गाने सरांना दिली. त्यांना काही खाता येत नव्हतं, तरी त्यांनी ती हातात धरून ठेवली. त्यानंतर त्या वर्गातलं एकही मूल क्लास सोडून गेलं नाही.

दुखणं मात्र उलटलं. बॅचच्या शेवटच्या दिवशी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, नको म्हणत असताना सर आलेच, माझ्या स्कूटरवर मागे बसून. शेवटचा प्रोग्रॅम त्यांनी तपासला, चालवून दाखवला. मग त्याच्या खाली दोन्ही खुणा टाकल्या, उघडायची आणि मिटायची, आणि मागे सरकून मधे आले. सर निरोपाचं काही लिहिणार हे सगळ्यांना कळलं होतं. भिंतीवर कर्सर लुकलुकत होता. सरांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, उचलली, परत ठेवली.

पुढे बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, लिवा ना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि उठले. परतताना स्कूटरवर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

थोड्याच दिवसांत सर गेले. भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "साऱ्या जगाले दारं लावाले शिकवलं या माणसानं. खर्ऱ्याची पुडी तेवढी उघडी राह्यली."

आता क्लास मी चालवतो. नव्या बॅचला पहिल्या दिवशी सरांच्या त्या शेवटच्या प्रोग्रॅमचीच फाइल दाखवतो. कोणीतरी विचारतंच, "सर, या खालच्या कॉमेंटमंदी तर काईच नाई. काढून टाकू का?" मी राहू दे म्हणतो. प्रोग्रॅम चालायला तिची काही अडचण होत नाही. सगळे गेले की कधी कधी मी कर्सर त्या दोन खुणांच्या मधे नेऊन बसतो. सरांनी काय लिहिलं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. मला त्यांचा आवाज हवा असतो, आणि तिथे नुसतं बसवलेलं दार आहे.