पाण्याचा दिवस आणि मुंबई बंदराचा पेपर

आमच्या इतिहास विभागातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. दुष्काळात काळजी करून करून माणूस थकतो, आणि मग चहा पिताना तीच काळजी हसत सांगायला लागतो. तसे ते साठत गेले.

विभाग तो केवढा! प्रमुख वैजापूरकर सर, पैठणकडचे जाधव सर, मी आणि शिपाई रहीमभाई. औरंगपुऱ्यातल्या कॉलेजात वरच्या मजल्यावर एक वर्ग आणि एम.ए.ला ‘मुंबई बंदराचा इतिहास’ हा पेपर. समुद्र इथून इतका लांब, तरी हा पेपर म्हणजे सरांचा जीव. त्या वर्षी पोरं कमी झाली म्हणून विभाग बंद करणार, अशी कुजबुज होती. सर वरून शांत दिसायचे, पण फोन वाजला की दचकायचे.

*

नळाला तेव्हा कधी सहाव्या, कधी आठव्या दिवशी पाणी. दिवस चुकला की मेलोच. म्हणून सरांनी टाइमटेबल विषयाप्रमाणे न करता पाण्याप्रमाणे केलं. ज्याच्या भागात पाणी, त्याला त्या दिवशी तास नाही. भिंतीवर तक्ता लागला: हर्सूल, गुलमंडी, औरंगपुरा, बायपासपलीकडे.

प्राचार्य आले. चष्मा लावून त्यांनी तक्ता दोनदा वाचला.

“यात इतिहास कुठंय?”

सर म्हणाले, “उरलेल्या वेळात.”

*

सात बेटांच्या मधली खाडी बुजवून मुंबई कशी झाली, हे सरांनी एकदा तासभर फळ्यावर काढून दाखवलं. हर्सूलची सविता उठली. तलावाचा भेगाळलेला तळ बघत ती रोज कॉलेजला यायची.

“सर, एवढं पाणी व्हतं, तर बुजवलं कामून?”

“अगं, खारं होतं ते.”

“खारं असलं म्हणून काय झालं? धुणं-भांडं तर झालं असतं.”

वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तिचं पटलं होतं.

*

शहर तेव्हा बायपास ओलांडून भराभर पसरत होतं. जाधव सरांनीही तिकडं नव्या कॉलनीत रो-हाऊस घेतलं. जाहिरातीत कारंजं होतं. प्रत्यक्षात पाईपलाईनच नव्हती, टँकरची वाट बघायची. टँकर आला नाही की जाधव सर दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

ते एकदा शिकवत होते, “बंदर वाढलं, गिरण्या आल्या, लोक आले. आधी वस्ती झाली, मग सोयी आल्या.”

मागून एकानं विचारलं, “किती वर्षांनी, सर?”

जाधव सरांनी पुस्तक मिटलं. “घरी बायको पण हेच इचारायली.”

*

गोदी बघायला पोरांना मुंबईला न्यायचं सरांनी ठरवलं. स्टेशनवर बघते तर प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पाण्याचे कॅन. आयांनी भरून दिलेले. “तिकडं मिळंल न मिळंल!”

तीन दिवस गोदी बघितली, पोरांनी पानंच्या पानं टिपणं काढली. परत आल्यावर स्टेशनवर सरांनी पोरं मोजली. सगळी होती. जीव भांड्यात पडला.

“वह्यांची पिशवी कुणाकडे?”

सविता म्हणाली, “सर, ती धर्मशाळेतच राहिली. हातच रिकामे नव्हते. तिथल्या नळाला धो धो पाणी व्हतं, समद्यांनी कॅन भरून आणलेत.”

सर रागवायला गेले आणि थांबले. त्यांच्याही हातात दोन कॅन होते, भरलेले.

*

आणि मग विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं. बुधवारी तपासणी. वर्गात निम्म्याहून कमी पोरं दिसली, तर विभाग बंद. आम्ही तिघांनी एकदमच भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. बुधवारी हर्सूललाही पाणी होतं आणि जुन्या शहरातही. पोरं सगळी तिथलीच. आठ दिवसांचं पाणी सोडून तासाला कोण येणार?

मंगळवारी संध्याकाळी मी सविताच्या घरी गेले. तिच्या आईचा हात प्लास्टरमध्ये.

“मॅडम, पोरगी तिकडं गेली तर पाणी कोन भरंल? आठ दिस प्यावं काय?”

“मी भरते. तुम्ही हिला पाठवा.”

शेजारच्या तीन घरांतली पोरंही आमच्याच वर्गातली. त्यांनाही मी तेच सांगून बसले. वर्गावर सर आणि जाधव सर होतेच की. सर ओरडतील म्हणून कुणाला बोलले नाही.

बुधवारी पाणी आलं ते करंगळीएवढ्या धारेनं. एक ड्रम भरला की घड्याळ बघायचं. समिती आली असेल का? सरांना नीट बोलता येत असेल का? चार घरांचं पाणी होईपर्यंत माझा धीर सुटायची वेळ आली.

गुडघ्यापर्यंत भिजलेल्या साडीनं मी कॉलेजात पोचले. जिन्यापाशी जाधव सर, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली.

“तुम्ही वर्गात नव्हता?”

“मी गुलमंडीत. पोरांच्या घरचं पाणी... मला वाटलं, तुम्ही आहात.”

तेवढ्यात गेटातून वैजापूरकर सर आले. सदरा छातीपर्यंत ओला. आमच्याकडे बघून ते तिथंच पायरीवर बसले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

रहीमभाई मस्टर घेऊन खाली आले. समिती येऊन गेली होती. एकही बाक रिकामा नव्हता, म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, “विद्यार्थी सगळे आहेत. शिक्षक कुठे आहेत?”

“मग तुम्ही काय सांगितलं?” सरांनी विचारलं.

“क्या बोलता सर? मैं बोला, पानी का दिन है साब. बच्चे इधर आए, तो मास्तर लोगां उधर गए.”

“मग?”

“मस्टर मंगाए.”

सरांनी मस्टर उघडलं. आमच्या तिघांच्याही नावापुढं बुधवारच्या चौकटीत अनोळखी अक्षरात लिहिलं होतं: हजर.