जोडीने मोजलेले राक्षस

दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या घराला कुलूप लागायचं. आईवडील ऊसतोडीला आणि त्यांच्यामागे मी. सहा महिने कारखान्याजवळ, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. आठवीपर्यंत एकही इयत्ता मी सलग शिकले नाही. हे सांगायची मला लाज वाटत नाही. नववीला वसतिगृहात जागा मिळाली आणि पुढे नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश.

शेवटच्या वर्षी आम्ही तिघी मैत्रिणींनी प्रोजेक्ट म्हणून जादूच्या दुनियेतला खेळ करायला घेतला. खेळणारा वीर होऊन रानोमाळ फिरतो, राक्षसांशी लढतो. राक्षसांची जमात लिहायचं काम माझ्याकडं. प्रोजेक्ट नापास म्हणजे पदवी नाही, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालेलं नव्हतं.

मी शिंगं दिली, सुळे दिले, राहायला गुहा दिली. प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "असले राक्षस मी दरवर्षी बघते. परत लिही."

रडकुंडीला येऊन आईला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खात्यात काय ते?"

"माणसं."

"रोज? अन् पोरं कोन संभाळतं त्यांची?"

"आई, राक्षस हायेत ते!"

"म्हनून काय त्यांला घरदार न्हाई व्हय?"

त्या फोनवर माझी जमात उभी राहिली. डोंगर सुकला की खाली उतरणारी, नदीकाठी वेत तोडणारी, पाऊस यायच्या आत परत चढणारी. वीरानं तलवार न उपसता विचारलं, तर वाट दाखवणारी. तक्त्यात लिहिलं, टोळी चाळीस.

खेळ चालवला तर टोळी नदीवरच अडकली. वेत तोडून पडलेला आणि मोळी बांधायला कुणीच नाही. परीक्षेला दोन दिवस उरले होते.

प्रोग्राम लिहिणारी मैत्रीण श्रीरामपूरची. ती म्हणाली, "तुझे राक्षस आळशी आहेत गं."

मला रागच आला. "आळशी? बायका कुठं आहेत त्यांच्या?"

"कुठल्या बायका? चाळीस लिहिलंस, चाळीस केले."

चूक माझीच. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते. मुकादम चाळीस म्हणाला की माणसं ऐंशी. हे कुणाला सांगावं लागतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे अर्धी टोळी तूच गिळलीस!" ती हसली. "खरी राक्षसीण तू!" मग दोघी मैत्रिणींनी कुरकुर न करता सगळा हिशेब जोडीनं मांडून दिला. त्यांचे ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "जोडीतला एक पडला की दुसरा काम का थांबवतो?"

"एकट्याच्यानं तोडणं आणि बांधणं दोन्ही उरकत नाही, सर. मी पाहिलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या राक्षसांबद्दलच विचारत राहिले.

निकाल कळवला तेव्हा आई म्हणाली, "चला, राक्षस पास झाले." आम्ही तिघीही पास झालो होतो. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे.