बिनकडीचं दार आणि कातरीनमावशी

घंटा वाजली तवा मी माझ्या लेकीला, आरूला, भात भरवत हुते. आमच्या खोलीच्या खिडकीसमोर चौक हाय आणि चौकाच्या पल्याड ते दगडी चर्च, त्यामुळं घंटा रोजचीच, पण ही रोजच्यासारखी नव्हती. एक ठोका पडला, त्यो पार विरून गेला, तरी दुसरा येईना… मंग आला. हातातला घास हातातच ऱ्हायला. शेजारच्या कातरीनमावशीनंच मला शिकवलंतं, "सणाची घंटा पळत येती गो, मेलेल्या माणसाची चालत येती." आणि मावशी तर दवाखान्यात हुती. मग ही कुणासाठी चालत आली ते मला कुणी सांगायचीबी गरज नव्हती. मी दाराकडं पळाले. दार वढलं. म्हाईत हुतं की उघडणार न्हाय, बाहेरनं कुलूप हाय, रोज असतंय, तरीबी वढलं, परत वढलं, आरू भ्याली आणि रडाय लागली, मग तिला उचलून खिडकीपाशी गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीची पेटी आली. रिक्षावाल्यांनी रिक्षा मागं घेतल्या, भडंगवाल्यानं गाड्यावर फडकं टाकलं. काळे-पांढरे कपडे घातलेली माणसं चालत चर्चमध्ये गेली, आणि मी गजाला तोंड लावून वरनं बघत ऱ्हायले. चौक वलांडायला कितीसा येळ लागतोय? आरूनं एक रडणं रडावं तेवढा. पण मला जाता आलं न्हाय. मी आरूचे दोन्ही हात धरून जोडले आणि म्हणलं, आज्जीला नमस्कार कर… तिला वाटलं खेळच हाय, ती हसली.

मी काय लिहिणारी बाई न्हवं. नववीत शाळा सुटली, मुरगूडला आईसंगं रानात जायची, मग लगीन हून हितं कोल्हापुरात आले. आमचं हे वाईट न्हाईत. दारू न्हाय, तंबाखू न्हाय, उचगावच्या पुढं कारखान्यात जात्यात आणि पगार घरात आणत्यात. पण त्यांच्या डोक्यात एक बसलंय, चौकातली खोली, खाली सारखी पुरुषमाणसं, बाई जिन्यानं खाली उतरली की गेली हातातनं. म्हणून कुलूप. "तुझ्या भल्यासाठीच हाय," म्हणत्यात. पयल्यांदा मला ती मायाच वाटलीती, खरं सांगते. आईलाबी मी तसंच सांगितलं, लई जपत्यात म्हणून.

कातरीनमावशी शेजारच्या खोलीत एकटी ऱ्हायची. आजऱ्याकडची, नवरा लवकर गेला, पोरबाळ न्हाय, एक भाचा पुण्याला. तिच्या गॅलरीतनं हात लांब केला की माझ्या खिडकीच्या गजाला लागायचा. आरू पोटात हुती तवा एकदा मी अशीच गज धरून उभी, तर शेजारनं आवाज आला, "काय गो, मुकी हायस व्हय?"

मी म्हणलं, "न्हाय."

"मग बोल की. किती दिस भिताडाशी बोलू मी? ते बी कटाळलंय मला."

तवापासनं आमचं सुरू झालं. ती गॅलरीत बसून वाटाणं सोलायची न्हायतर ब्लाऊजला हुक लावायची, आणि मी खिडकीत. नाताळात ती कुलकुल करायची, आपल्या शंकरपाळ्याचं भावंडच ते, फक्त शंखासारखं वळलेलं. ते द्यायला म्हणून ती एकदा गॅलरीतनं न देता दाराकडनं आली, आणि मला बाहेरनं नुसता आवाज ऐकू आला, "अगं बाय! कुलूप? आत माणूस असताना? दुकान हाय काय हे, शटर वढून गेला त्यो?" मी आत हसले. लई दिवसांनी हसले… मग ते हसणं कवा रडणं झालं ते मलाच कळलं न्हाय. ती बी बाहिर उभीच ऱ्हायली. मधी ते दार.

संध्याकाळी हे आलं तर ती जिन्यातच बसलेली. "पावणं, चावी माझ्याकडं ठिवत जावा की. मी हाय न्हवं शेजारी."

"तुमचं वय झालंय, कशाला तुमाला तरास."

"तरास कसला वो. म्हशीला दावं लावून जाणारा मालकबी शेजाऱ्याला सांगून जातोय, जरा बघा म्हणून."

ह्यांनी कुलूप काढलं. आत येऊन मला म्हणलं, त्या बाईशी बोलायचं न्हाय. मी व्हय म्हणलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय जिन्यावरनं उतरला की खिडकीत जाऊन उभी ऱ्हायले.

चर्चची सगळी गोष्ट मी त्या खिडकीतनंच ऐकली. मावशी चर्च म्हणायची न्हाय, देऊळच म्हणायची. ती सांगायची, तुझ्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हितं चौकच नव्हता, चिंचेचं झाड आणि एक आड, आणि बाजारादिवशी बैल बांधायची जागा. आमची माणसं थोडीच, कुणी रेल्वेत, कुणी बॅण्डात वाजवणारी, कुणी मोठ्यांच्या घरात खानसामा. बेळगावाकडनं एक पाद्री घोड्यावर बसून यायचा आणि बैलं बाजूला सारून झाडाखाली प्रार्थना सांगायचा. मग पत्र्याचं छप्पर झालं, मग दगड आला. बांधणारा मेस्त्री हिंदू, त्येला क्रूस कसा करायचा ते कागदावर काढून दिलं, त्येनं केला, पण दाराच्या वर आपल्या मनानं एक कमळ काढलं. पाद्री म्हणला हे काय? मेस्त्री म्हणला, देवाचं घर हाय, मोकळं कसं ठिवू? ते कमळ अजून हाय, माझ्या खिडकीतनं दिसतंय. चुन्यात गुळाचं पाणी घालून मळायचं काम बायकांचं हुतं, आपल्या कोल्हापुरी गुळाचं. "म्हणून तर आमच्या देवळाला मुंग्या लागत्यात," म्हणायची आणि सोताच हसायची. घंटा रेल्वेनं आली, आणि ठेसनावरनं आणताना गाडीचा कणा मोडला, तर ती पावसाळाभर चौकातच आडवी पडली, तिच्यात कोंबडी अंडी घालायची. असलं काय काय सांगायची. मला शाळेत इतिहास कवा कळला न्हाय, पण हे सगळं ध्येनात ऱ्हायलं, कारण ती एकेक दगड दाखवून सांगायची आणि मला बघायला दुसरं हुतंच काय?

आणि सगळ्यात जास्त ती सांगायची ते बाजूच्या दाराचं. चर्चला डाव्या अंगाला एक बुटकं दार हाय, दोन फळ्यांचं. त्येला कडी न्हाय, ती अडकवायचा कोयंडा न्हाय, कुलूप न्हाय, फळ्या नुसत्या लोटलेल्या. आतल्या मूर्तीपुढं जाळी हाय, तिला कुलूप असतंय, पण आत येऊन बसायला कुणालाबी कवाबी ते दार मोकळं. ती म्हणायची, गाठीची साथ, म्हंजे पलेग, आलती तवा गाव सोडून माणसं रानात झोपड्या घालून ऱ्हायली. ह्याच चौकातल्या एका घरानं जाताना सुनंला आत कोंडली, तिला ताप हुता, आणि तान्हं बाळ पदराखाली. साथ आपल्यासंगं यायला नको म्हणून. घंटा वाजवणाऱ्यानं बाळाचं रडणं ऐकलं, पाद्रीनं आणि त्येनं दार फोडलं, दोघांना त्या बुटक्या दारानं आत आणलं. आणि त्या दिवशी पाद्रीनं मेस्त्रीला बोलवून त्या दाराचा कोयंडा उपसून काढला. हितं कुणी कुणाला कोंडायचं न्हाय म्हणून.

"मग ती बाई?" मी इचारलं.

"जगली की. म्हातारी हून मेली."

मधी चोऱ्या लई झाल्या म्हणून चर्चच्या लोकांनी त्या दाराला लोखंडी कडी बसवायची ठरवली. वेल्डिंगवाला आला तर मावशी दारात स्टूल टाकून, छत्री उघडून बसलेली. म्हणली, "बसव. पण आधी मला बसव दाराला." त्यो दुपारपातूर थांबला आणि चहा पिऊन गेला. हे मी खिडकीतनं बघितलंय, मला इतकं हसाय आलं की आरूबी उगंच हसाय लागली.

मग ती दुपार आली. आरूला सकाळपासनं ताप हुता. कपाळावर पट्ट्या ठेवत हुते, आणि एकदम तिचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं, हातपाय झटके द्याय लागले. मला वाटलं गेली… मी काय वरडले ते मला आठवत न्हाय. दार हातांनी बडवत हुते. फोन माझ्याजवळ नसतोयच. पलीकडनं मावशी वरडली, "बाजूला हो गो! दारापासनं बाजूला हो!" आणि ठण्ण… ठण्ण… तिनं पाट्यावरचा वरवंटा आणला हुता आणि कुलपावर मारत हुती. गुडघं दुखत्यात म्हणून जिना चढताना चारदा बसणारी बाई. कुलूप तुटलं. रिक्षात आम्ही तिघी. डॉक्टर म्हणलं, तापानं आचके येत्यात लहान लेकरांना, आता बरी हाय, पण असल्या वक्ताला लगीच आणत जा. लगीच आणा म्हणं…

परत येताना मावशीनं रिक्षा चर्चपाशी थांबवली. मी पयल्यांदाच तितं आत गेले. तिनं बुटकं दार नुसतं बोटानं ढकललं. आत गार हुतं, मेणाचा वास. आरू खांद्यावर झोपलेली. मावशीनं माझं बोट धरून दाराच्या फळीवर ठेवलं, तितं दोन भोकं हायत, शेजारीशेजारी, कडा घासून गुळगुळीत झालेली.

"कोयंड्याची दोन टोकं हितनं आत येत्यात आणि आतल्या अंगाला वळवत्यात. बाहेरनं कितीबी दणकट दिसू दे, वळवलेलं असतंय आतच. समजलं?"

मी मान हालवली. मग ती बाकावर बसली आणि माझ्याकडं न बघता बोलली, "ती जगली न्हाय गो."

"कोण?"

"ती सून. दार फोडूपातूर गेलती ती. बाळ जगलं. पाद्रीनं वाढवलं ते. ती माझी आज्जी." वर म्हणली, "तुला भ्या वाटंल म्हणून खोटं सांगितलंतं. आता वाटू दे भ्या."

वाटलं. तवापासनं वाटतंयच. संध्याकाळी ह्यांनी तुटलेलं कुलूप बघितलं. आरूला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते मी बघितलं, खोटं न्हाय सांगत. आणि दुसऱ्या दिवशी पितळंचं मोठं कुलूप आणलं. म्हणलं, "आता असलं तसलं तुटणार न्हाय." मी म्हणलं, "आणि आरूला परत झालं तर?" म्हणलं, "औषध दिलंय न्हवं डॉक्टरनं."

पावसाळा सरता सरता मावशीला दम लागाय लागला. भाचा दवाखान्यात न्यायला आला त्या सकाळी ती गॅलरीत आली, धापा टाकत, आणि पदराखालनं वरवंटा काढून गजातनं माझ्या हातात दिला. चांगलाच जड.

"पाटा काय गजातनं जाईना गो. ह्येच्यानं चटणी वाट."

"मावशी, पाट्याबिगर कशी वाटू?"

"वाट बघ तर. जमंल," म्हणली, आणि दाराकडं हनुवटी केली. तेवढंच. मग भाच्यानं हाक मारली. तीच शेवटची भेट, मधी गज.

ती गेल्यावर म्हैन्यानं तिच्या नावाची मिसा असती, म्हंजे प्रार्थना, असं तिनंच कवातरी सांगितलंतं, आपल्याकडं मासिक घालत्यात तसं. तितं तरी जायाचंच हे मी ठरवलं. आमचं दारबी जुनंच, दोन फळ्यांचं, साखळीची कडी. आतनं बघितलं तर खरंच, कोयंड्याची दोन टोकं लाकडात वळवून ठोकलेली, रंगाखाली दबलेली. रोज हे गेलं की मी उलथन्यानं रंग खरवडायची, टोकाखाली उलथनं घालून वर वढायची, जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की थांबायची, घाम पुसायची, संध्याकाळी त्या जागेवर आरूचं झबलं वाळत घालायची. टोकं सरळ झाली. त्या दिवशी घंटा वाजाय लागली तशी मी आरूला मागं पाठीला बांधलं आणि टोकांवर वरवंटा मारला. पयला घाव फळीवरच बसला. दुसऱ्याला कोयंडा बाहिर गेला, कुलूप तसंच त्येच्यात लोंबकळत, बंदच्या बंद. आणि दार उघडलं.

चौक वलांडला मी. भडंगवाल्यानं बघितलं आणि परत कांदा चिरायला लागला. मी बुटकं दार बोटानं ढकललं आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले. प्रार्थनेतलं मला काय कळलं न्हाय. मावशीचं नाव तेवढं कळलं.

हे यायच्या आत मी परत आले. दार लोटलं, साखळी ढिली असती त्यामुळं फटीतनं हात घालून कोयंडा परत भोकांत बसवला, आतनं टोकं जराशी वाकवली. त्यांना कळलं न्हाय. अजून रोज सकाळी ते कुलूप लावत्यात, वढून बघत्यात, आणि जात्यात. मी आतनं त्यांची पावलं ऐकते. भ्या गेलेलं न्हाय. पण त्या दिवसापासनं एकदा मी खाली उतरलीय, आरूच्या औषधाला, आणि आज हे पाकीट तुमच्या पुरवणीसाठी चौकातल्या पोस्टाच्या पेटीत टाकाय उतरणार हाय.

माझं नाव घालू नका. तरी चौक वळखणारी माणसं असत्यात. आमचं हे पेपर वाचत्यात पण पुरवणी वाचत न्हाईत, "घे, तुमा बायकांचं," म्हणून माझ्याकडं टाकत्यात. कुणी दाखवलीच त्यांना, तर दाखवू दे. त्या दिवशी ते घरी येऊन दाराची टोकं ठोकून घट्ट करतील, न्हायतर… मला म्हाईत न्हाय काय करतील. तवर वरवंटा चुलीशेजारी हाय. त्येच्या एका टोकाला पितळंच्या नव्हं, त्या पयल्या लोखंडी कुलपाची खूण हाय, मावशीनं मारलेली, आणि दुसऱ्या टोकाला माझी. आरू तो लाटत बसती जमिनीवर, गडगड आवाज आला की हसती. दाराशी नेऊन सोडती, आणि परत आणती.