सोनाचं हिरवं पातळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं हात जोडले की मुलाबाळांचं मागायचे आणि हे तेवढं वगळून उठायचे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे का? नाही. पण ठरवलंय. सुरू केलंय तर शेवटापर्यंत जाणार. मधेच थांबून स्वतःची बाजू मांडत बसणार नाही.

मला गोधड्या शिवायचा नाद आहे. नादच म्हणते, कारण गरज कधीच नव्हती. माझं माहेर केंदूरचं. आई दुपारची ओसरीवर जुनी पातळं पसरून बसायची आणि मी समोर बसून कापड ताणून धरायचे. सात-आठ वर्षांची असेन, तेव्हापासून हातात सुई. लग्न होऊन मांडवगणला आले, तर सासरी बागायत, उसाचं घर, आणि एकूणएक अंथरुणावर विकतची चादर. पहिल्याच हिवाळ्यात मी जुनी धोतरं काढून बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात काय कमी हाय, म्हणून चिंध्या जोडतीस?"

त्या वाईट नव्हत्या. दोन रंग शेजारी-शेजारी बरोबर बसले की एखाद्याचा जीव शांत होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच. नणंदेशी बोलून पाहिलं, शेजारणीशी बोलून पाहिलं. त्या ऐकायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. चार वर्षं मी दार लोटून एकटीच शिवत होते. तुम्हाला जीव की प्राण असलेली एखादी गोष्ट घरादारात तुम्हा एकट्यालाच आवडत असेल, तर मी काय म्हणतेय ते कळेल.

मग एकदा भीमेवर धुणं घेऊन गेले होते, तर बाभळीच्या झुडपावर एक वाकळ वाळत घातलेली दिसली — आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. टाके असे, की पाभरीनं सरळ ओळीत पेरलेत. चौकोनात चौकोन, आणि मधोमध एक लाल ठिगळ वाकडं लावलेलं. चुकून नाही, मुद्दाम. ते शिवणाऱ्यालाच कळतं. मी धुणं काठावर तसंच टाकलं आणि विचारत विचारत वस्तीवर गेले.

वाकळ ठकूआक्काची होती. धनगराचं घर, सासऱ्याच्या काळात मेंढरं घेऊन हिंडायचे, आता नदीकाठी चार एकर कसून राहिलेले. आक्का पन्नाशीच्या पुढची, अंगानं बारकी, बोलायला तिखट. मी नाव-गाव सांगायच्या आधीच विचारलं, ते लाल ठिगळ वाकडं का लावलंत? ती माझ्याकडं बघतच राहिली.

"आजपत्तूर कुणी इचारलं न्हाई," म्हणाली. "सरळ लावलं आसतं तर नजर तिथंच मेली आसती. बस."

बस म्हणाली आणि मी बसले. अशी मला मैत्रीण मिळाली.

तिसरी मंगल. गावातल्या शिंप्याची बायको, माझ्याच वयाची. कातरणं मागायला म्हणून आम्ही तिच्याकडं गेलो, तर ती आमच्यातलीच निघाली — नवऱ्यापासून लपवून पोत्यात रंग साठवणारी. मग दर मंगळवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, तिच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी. सासूबाई कुरकुरल्या, आठ दिवस बोलल्या नाहीत, तरी मी गेले. ते दोन-तीन तास मी कशावरही सोडले नसते. फार बोलायचोही नाही. आक्का मधेच माझ्या टाक्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "लांब पडला. उसव." घरात कुणी हुकूम केला तर मला सोसायचा नाही. आक्कानं उसव म्हटलं की मी सुखानं उसवायचे.

आता मुद्द्यावर येते. बघा ना — पुन्हा आक्काच्या कौतुकातच रमले. आधी भरपूर कौतुक केलं की पुढचं हलकं होईल, असं वाटतं का मला? होत नाही. जडच होतं.

आक्काला एक लेक होती, सोना, आणि तिच्या पाठचा भिवा. सोना पहिल्याच बाळंतपणात गेली, आमची ओळख व्हायच्या दोन वर्षं आधी. मूलही वाचलं नाही. तिचं एक पातळ आक्कानं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. हिरवं. कसा हिरवा सांगू — सोललेल्या घाट्यातला कोवळा हरभरा असतो ना, तो. त्यावर बारीक पिवळे ठिपके. त्याची वाकळ शिवायची असं आक्का किती दिवस घोकत होती, पण तोवर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईचं नाकं दिसेना. एका मंगळवारी ती ते पातळ फडक्यात बांधून घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुझा टाका माझ्यावानी पडतो," म्हणाली. "हे आतल्या थरात घाल. वर नगं, उन्हानं उडंल. आंगाजवळ ऱ्हाऊ दे."

मी हो म्हणाले.

त्याच महिन्यात दौंडला बायकांचा मेळावा ठरला, आणि मेळाव्यात गोधड्यांची स्पर्धा. पत्रक आमच्या एसटीडी बूथवर चिकटवलं होतं. ते मी उभ्यानं तीनदा वाचलं. सासूबाईंना एकदा दाखवून द्यायचं होतं की — नाही. ही बाजू मांडणं झालं. मला जिंकायचं होतं, एवढंच. माझी गोधडी होत आली होती. मरून, मोरपंखी, पांढरा. कडेला एक रंग हवा होता, बाकीच्यांना उजेडात आणणारा. रंग मिळत नव्हता असंही नाही. मंगलकडं हिरव्या कातरणांचं अर्धं पोतं होतं. मी ते उपसून ठेवून दिलं, घरी आले, कपाट उघडलं आणि सोनाचं पातळ गोधडीला लावून बघितलं.

नुसतं बघते, असं मी स्वतःला सांगत होते. पण मग हातात कात्री कशाला होती? बघायला कात्री लागते?

आधी पदर कापला. वाटलं, पदराचं काय, बाकीचं आक्काच्या वाकळेला पुरेल. कड पुरी झाली नाही, म्हणून आणखी कापलं. मग गोधडीच्या मधल्या फुलांसाठी कापलं. आणि मग, असं तुकडे पडलेलं कापड आता आक्काला दाखवायचं कसं, म्हणून उरलेलं सगळं गोधडीच्या पाठीला लावून टाकलं. भरदुपार होती. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मी रागात नव्हते, घाईत नव्हते, पुरती शुद्धीवर होते. इतका सुरेख हिरवा माझ्या हाताखाली कधी आला नव्हता आणि तो मला हवा होता.

पहिला नंबर आला. मंचावर बोलावलं, आणि तिथं कळलं की पहिली आलेली गोधडी पुण्याहून आलेल्या पाहुण्याबाईंना भेट द्यायची आहे. नाही म्हणता आलं असतं. समोर टाळ्या चालल्या होत्या. मी हसत हसत, घडी करून, दोन्ही हातांनी दिली. पाहुण्याबाईंनी ती गाडीत मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी गेली.

आक्का डोळ्यांमुळं आली नव्हती. मंगल आली होती. परतताना जीपनं पूल ओलांडल्यावर ती हळूच म्हणाली, "ते सोनाचं हुतं."

मी खांद्यावरचा पदर सारखा करत बसले.

"परत माग. मेळाव्यावाल्यांकडं त्या बाईचा पत्ता आसंल. उद्याच जाऊ, मी येते संगं."

मी हो म्हणाले. गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. मागायला गेलं की का मागतेय ते सांगावं लागणार होतं. गावात फोटो लागला होता माझा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या.

मग मी आक्काची वाकळ शिवली. आतल्या थरात माझं स्वतःचं एक जुनं हिरवं पातळ घातलं. आजवरची माझी सगळ्यात चांगली वाकळ तीच — टाका असा बारीक, की आक्कानं पूर्ण वाकळ चाचपली आणि एकदाही उसव म्हणाली नाही. तोंड खुपसून वास घेतला. "साबणाचा वास येतुय," म्हणाली. मी सांगितलं, धुवून घेतलं आक्का. ती मान हलवत राहिली आणि वाकळ छातीशी धरून वस्तीवर गेली.

मंगलनं ते सगळं बघितलं. आक्का गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, "मी बोलायची न्हाई. आक्काचं काळीज फुटंल. पण तुझ्या शेजारी बसून मला सुई धरवंना, सुनंदा." मंगळवार तिथं संपले. आक्का विचारायची, मंगल का बोलवत नाही? मी सांगायचे, दुकानाचं काम वाढलंय. एक खोटं झाकायला दुसरं — हे किती सहज जमतं, ते मला तेव्हा कळलं.

आणि तरी अजून मी खरं सांगितलेलं नाही. पातळ कापलं हे वाईटच. पण मला जागेवर बसू देत नाही ते पुढचं आहे.

तीन-चार वर्षांनी डोळ्यांचं शिबिर झालं आणि आक्काचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं, नवा चष्मा लावून, ती वाकळ खांद्यावर टाकून माझ्या दारात आली. उंबऱ्यातच बसली. सुई-दोरा तिनं बरोबरच आणला होता.

"सुनंदे, बोटभर उसवू दे," म्हणाली. "सोनीचा रंग डोळ्यांनी बघू दे एकदा. बघते आन् लगीच टाका घालते."

तेव्हा सांगायचं होतं. तिला दिसत होतं, माझं तोंड दिसत होतं. दोघीच होतो. मी तिच्या हातातून वाकळ घेतली आणि म्हणाले, "आक्का, नका उसवू. इतकं जुनं कापड, हवा लागली की विरंल. तुम्हीच म्हणाला होता ना, आत ऱ्हाऊ दे?"

तिच्याच शब्दांनी मी तिला थांबवलं. जे तिनं मला मनापासून शिकवलं, त्यातलंच काढून तिच्यावर वापरलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "माझंच माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. बरं झालं तू हायस." सुई परत पदराला टोचली आणि चहा न घेताच गेली. पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

पुढं चार हिवाळे ती ती वाकळ पांघरून झोपली. मग गेली. सकाळी निरोप आला, मी वस्तीवर धावले. अंगणात तिरडी बांधत होते. भिवानं वाकळ आणून वर अंथरली. म्हणाला, "आयनं सांगून ठेवलं व्हतं. सोनीला संगं घेऊन जायाचंय मला." एक कोपरा दुमडला होता. "वैनी, तेवढं नीट करा."

मी वाकले आणि कोपरा सरळ केला. सांगायला अजून वेळ होता — कुणी पाणी आणायला गेलं होतं, कुणी पाहुण्यांची वाट बघत होतं, चांगला तासभर वेळ होता. मी तिथंच उभी होते आणि बोलले नाही. मग उचललं आणि नदीकडं नेलं. बायका नदीवर जात नाहीत. धूर मी वस्तीवरनंच बघितला.

येत्या मंगळवारी मी भिवाकडं जाणार आहे. वस्तीवर तो आणि त्याची बायको असतील, दोघांसमोर सांगणार. तिथून दौंडला, मंगलकडं. ते लोक आता तिकडं राहायला गेलेत. त्यांनी दारात उभं करावं, न करावं. मी सांगून परत येईन.

सोना आक्कासंगं गेली नाही. ती पुण्यात कुठल्या तरी घरात पलंगावर पडलेली असेल, नाहीतर पोतेऱ्याला गेली असेल. तिला तिथं मी पाठवलं.