काटेवाल्या ताई

“आपल्यापेक्षा ताईच भराभर उतरून राह्यल्या वं,” माझ्या मागच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली. शेजारीण हसली आणि म्हणाली, शिकवणाऱ्यानं आधी स्वतः करून दाखवावं ते असं. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही वजनासाठी बसलो होतो. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या ताई समोरच वाकून वजनकाट्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. एरवी त्या उलट टोला मारल्याशिवाय राहिल्या नसत्या. त्या दिवशी त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

गावातली मुलं त्यांना काटेवाल्या ताई म्हणायची. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात त्या समुपदेशक होत्या. साखर, रक्तदाब, थायरॉइड असं काही निघालं आणि वजनही जास्त असलं, की डॉक्टर माणसाला त्यांच्या खोलीत पाठवत. मलाही पाठवलं. वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून, पदवी घेऊन मी घरी परीक्षांचा अभ्यास करत होते. बसून बसून वजन वाढलं होतं, पाळी चुकत होती. आई सोबत आली आणि माझ्या वतीनं सगळं तीच बोलायला लागली. ताईंनी तिचं नीट ऐकून घेतलं, मग तिला बाहेर बसायला सांगितलं.

मला वाटलं आता भात बंद, साखर बंद सुरू होईल. त्यांनी विचारलं, काल खाल्लेल्यातलं सगळ्यात चांगलं काय लागलं. मी म्हटलं, तर्री-पोहे. कोणासोबत खाल्ले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणीच नव्हतं, खोलीत एकटीच होते. “मंग आधी त्या एकटीचं पाहू,” त्या म्हणाल्या. “पोहे कुठी पळून जात नाई.”

रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आधी त्या स्वतः काट्यावर चढायच्या. बरोबर आकडा दिसला की खाली उतरून हाक मारायच्या. मी एकदा विचारलं, हे कशासाठी. म्हणाल्या, “मीच या दवाखान्याचं माप. इतक्या वर्षांत ना वाढली, ना घटली.” सडपातळ नव्हत्याच त्या. अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या आणि त्याची त्यांना लाज नव्हती. एका गुरुजींनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं, की आधी स्वतःचं बघा. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “सर, माई साखर बरोबर हाय. तुमची काऊन वाढली ते पाहू.”

गुरुवारी संध्याकाळी मोबाईलवर बैठक भरायची. आजूबाजूच्या गावांतल्या बाया आपापल्या स्वयंपाकघरातून जोडल्या जायच्या, थोडे पुरुषही. मी कॉन्व्हेंटची म्हणून बैठक सुरू करणं, कोणाचा आवाज बंद-चालू करणं हे ताईंनी माझ्याकडे दिलं होतं. मला ते बरं होतं. कॅमेरा बंद ठेवून सगळ्यांना पाहता यायचं. वजनाचा आकडा सांगायला तिथे बंदी होती. काय केलं ते सांगायचं. पोरांच्या ताटात उरलेलं खाल्लं नाही, जेवताना टीव्ही बंद ठेवला, शेतात गाडीवर न जाता चालत गेले. एवढ्याएवढ्या गोष्टींना त्या मनापासून टाळ्या वाजवायच्या. वजन उतरल्याला मात्र कधीच नाही.

लग्नसराईच्या आधी त्या पंगतीची तालीम घ्यायच्या. स्वतः वाढपी होऊन भाजीचा रिकामा गंज आणि पळी घेऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायच्या आणि एकेकाला नाव घेऊन आग्रह करायच्या. नवरदेवाची शपथ घालायच्या, रुसायच्या. समोरच्यानं न चिडता, न लाजता नाही म्हणायचं. एका आजोबांनी नको नको म्हणत सवयीनं वाटी पुढे केली, तेव्हा सगळे कितीतरी वेळ हसत होते. माझी पाळी आली तेव्हा मी लिहून पाठवलं, नको. त्या पळी तशीच धरून उभ्या. “पोरी, वाढपी काई मोबाईल पाहून वाढत नाई.”

कापूस वेचणीच्या दिवसांत काटा चुकायला लागला. म्हणजे ताईंना तसं वाटलं. त्या चढल्या, उतरल्या, परत चढल्या. आकडा कमी येत होता. काटा कमी दाखवतो असं धरून त्यांनी तेवढा फरक प्रत्येकाच्या वजनात मिळवायला सुरुवात केली. फरक वाढत गेला, तशी कागदावर आमची वजनंही वाढत गेली. बाया हिरमुसल्या. एक जण किराणा दुकानात वजन करून आली आणि तिथे कमी भरलं म्हणून ताईंशी भांडली. दुकानदाराच्या काट्यावर विश्वास ठेवणारी तू पहिलीच, असं म्हणून ताईंनी तिला हसवलं. मग त्यांनी नवा काटा मागवला.

तो खोक्यातून निघाला तेव्हा मी तिथेच होते. ताई चढल्या. नव्या काट्यानंही तेच सांगितलं. त्या खाली उतरल्या. “जुना बिचारा खरा होता,” म्हणाल्या, आणि बसून सगळ्यांची वजनं पुन्हा दुरुस्त केली. बाया खूश झाल्या. आपलं खरोखर उतरलं होतं, एवढंच त्यांनी पाहिलं. काटा चुकला नव्हता तर ताईंचंच वजन घटत होतं, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून ताई काट्यावर चढेनाशा झाल्या. पिठाची एक बंद पिशवी ठेवून काटा तपासायला लागल्या.

मला चारचौघांत बोलता येत नाही, पण दिसतं. त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायचं. डबा उघडून त्या दुसऱ्यांना वाढायच्या आणि झाकण लावायच्या. आमचा गट गिरडच्या टेकडीवर चालायला गेला, तर अर्ध्या पायऱ्यांवर बसून म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, पिशव्या राहू द्या माझ्यापाशी. मागच्या खेपेला त्याच पायऱ्या त्या गप्पा मारत चढल्या होत्या. बायांनी मात्र त्यांची साडी आता कशी चापून बसते याचं कौतुक केलं. कोणी गुपित विचारलं. त्या हसल्या.

मी त्यांना एकटीला लिहिलं की तुम्ही तपासून घ्या. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. तेव्हा त्यांनी आवाजात निरोप पाठवला. तो अजून माझ्याजवळ आहे.

“तुया डोळ्याले सगळं दिसते वं पोरी. माई मोठी बहीण अशीच उतरत गेलती. रिपोर्ट आला आन् त्या दिवसापासून घरातले तिच्यासंगं हळू आवाजात बोलाले लागले. जेवाले काय करू, हेही कोणी तिले विचारत नव्हतं. मले तसं नाई पाहिजे. चालू दे थोडे दिवस.”

मला त्या वाक्यांतली भीती कळत होती आणि त्यांनी ज्या तऱ्हेनं ती झाकली तेही कळत होतं. दुसऱ्यांना त्या सांगायच्या की शरीर काही सांगत असेल तर त्याच्याकडे पाठ करू नका. मी काय करायचं ते मला सुचत नव्हतं. डॉक्टरांना सांगावं तर ती चुगली. आईला सांगावं तर संध्याकाळपर्यंत गावभर.

ताई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. वर्ध्याच्या वॉर्डात शेवटीशेवटी मी भेटायला गेले, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या विचारत होत्या, काल काय चांगलं लागलं खाताना. आणखी आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का, यावर गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत.   आता ताईंच्या जागी दुसरी मुलगी आली आहे, चांगली आहे, वेळेवर येते. मी अजून गुरुवारची बैठक सुरू करून देते.

पण ताईंची आठवण काढली की मला वॉर्ड आठवत नाही. गिरडहून आल्यानंतरचा गुरुवार आठवतो. त्या दिवशी तालुक्याचे एक साहेब बैठकीत आले होते. त्यांनी आमचं कौतुक केलं, मग ताईंकडे वळले. म्हणाले, पाहा, तुमच्या मॅडमनी आधी स्वतः करून दाखवलं. मॅडम, तुमचा जुना आणि आताचा असे दोन फोटो पाठवा, आपण पोस्टर करू, दर केंद्रात लावू. पडद्यावर टाळ्यांची चित्रं उगवायला लागली. बाया खऱ्याही टाळ्या वाजवत होत्या. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. ताईंनी पदर ओढून घेतला, मनगटं झाकली, आणि मान हलवून हो म्हणाल्या.

ते हो मला सहन झालं नाही. पोस्टर लागलं की त्यांना आजारी पडायलाही जागा उरणार नव्हती. मी साहेबांसकट सगळ्यांचे आवाज बंद केले. टाळ्या वाजवणारे हात नुसते हलत राहिले. मग मी माझा कॅमेरा सुरू केला. इतक्या महिन्यांत मला तिथे कोणी पाहिलं नव्हतं. चौकोनांतले चेहरे जवळ आले. ताईंनी मान वर केली. मी आवाज बारीक केला नाही.

“ताई, फोटो पाठवू नका. उद्या सकाळी चहासुद्धा पिऊ नका. पहिल्या बसनं आपण वर्ध्याला तपासणीला जाऊ, मी तुमच्यासोबत येते.”