जिवंत मामाची श्रद्धांजली

कळंबकडच्या आमच्या गावातलं मारुतीचं देवस्थान कायद्यानं कधीच संपलं होतं, आणि मी त्याचा सचिव होतो. विश्वस्तांची मुदत सरली हे मारुतीनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सभामंडपाची परवानगी मागायला गेलो तेव्हा कळलं. यवतमाळचे वकील म्हणाले, "जुन्यांपैकी कोणी हयात असेल तर त्याच्या सहीनं सभा बोलवा, देवस्थान उभं करू. नाहीतर फार लांबेल."

"कोणीच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

मग गाव जमवून दिवंगत विश्वस्तांना श्रद्धांजली वाहिली. सचिव उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले. त्यांतलेच एक माझे चुलत मामा; त्यांच्यावर तर मी सगळ्यांत लांब बोललो. "देवळाचा पहिला दगड त्यांनी डोक्यावर वाहिला!"

खाली बसतो तोच बायांमधून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अवो, मामा तं दिग्रसले लेकीपाशी हायेत! संक्रांतीले बोलली मी त्यांच्यासंग."

त्यानंतरचा हशा मी अजून ऐकतोय.

सकाळच्या एसटीनं दिग्रस गाठलं. बातमी माझ्याआधीच पोचली होती. मामा ओट्यावर बसले होते.

"या भाचेबुवा. तेरवीले आले का?"

"चूक झाली मामा."

"चूक कायची? इतक्या वर्षांत एक फोन नाही केला तुनं. तुह्यासाठी मेलोच होतो नं मी." मग डोळे मिचकावून, "भाषण मात्र जोरदार झालं म्हणे. आयकव नं मले."

मी उभा राहिलो. "देवळाचा पहिला दगड..." पुढं जीभच उचलेना. मेलेल्या माणसावर बोलणं किती सोपं होतं!

"थो दगड मी नाही वाहिला," मामा शांतपणे म्हणाले. "तुह्या बापानं वाहिला. मी मांगून नुसता हात लावला होता."

घ्या. मामाही माहीत नाही, बापही नाही. मी खाली मान घालून कागद पुढं केला. त्यांनी सही केली. देवस्थानाच्या जिवात जीव आला.

निघताना मी त्यांच्या पायांकडे वाकलो. पण आमच्याकडे भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं. मामानंच भाच्याच्या पडायचं. त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केलं, गुडघ्यावर हात टेकत कसेबसे वाकले, आणि माझ्या धुळकट पायांना हात लावला.

"राहू द्या हो मामा!"

"रीत हाये बाप्पा," ते खालूनच म्हणाले. "मेलेल्यालेही पाळा लागते."